साठ रुपयांचा डोनर

मागच्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका ज्युनिअरचा मेल आला. पुणे ते गोवा सायकलिंग, एका चांगल्या कामासाठी निधी, खाली बँक अकाउंट नंबर, आणि शेवटी एक ओळ: 'मॅम, तुम्ही असं काहीतरी केलंय ना? टिप्स द्या ना प्लीज!'

दिल्या. पॅडेड शॉर्ट्सवर पैसे वाचवू नकोस. सनस्क्रीन कानांनाही लाव. गूळ-शेंगदाणे खिशात ठेव, एनर्जी बार नंतर नकोसे होतात. पण एक गोष्ट काही त्या मेलमध्ये मावेना, म्हणून ती इथे.

2019 च्या जानेवारीत मी आणि टीममधला एक मित्र पुण्याहून बंगलोरला सायकलने गेलो. आठ दिवस, साधारण साडेआठशे किलोमीटर. एका खेड्यातल्या शाळेत मुलींसाठी टॉयलेट बांधायचं म्हणून पैसे गोळा करत होतो. हा किडा डोक्यात सोडला तो अ‍ॅलिस्टर हम्फ्रीज या इंग्रज माणसाने. हा पठ्ठ्या 2001 मध्ये घरून सायकलवर निघाला तो 2005 मध्येच परतला. साठ देश, 46 हजार मैल, खिशात मोजून सात हजार पौंड, आणि सगळा खटाटोप मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरता. निघून दोन आठवडे होतात न होतात तोच 9/11 झालं. अफगाणिस्तानवरून जायचा बेत रद्द करून साहेब आफ्रिकेकडे वळले. एवढ्या कमी पैशांत चार वर्षं निघतात ती रस्त्यावरची माणसं जेवू घालतात म्हणूनच. (आपल्या मुंबईचे पारशी तरुण तर 1923 मध्येच सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. सहा निघाले, तिघे पूर्ण करून 1928 मध्ये परतले. पण त्यांचा फोटो स्क्रीनसेव्हरला लावावा असं कुणाला वाटत नाही, काय करणार!)

तर आम्ही. ऑफिसात दणक्यात मेलामेली झाली. बॉसने पाच हजार दिले आणि सगळ्यांना सीसी करून दिले. बघता बघता एक लाख साठ हजार जमले. आम्हाला वाटलं, जिंकलं!

पहिले चार दिवस लाडाकोडाचे गेले. खंबाटकीच्या चढावर एका कारवाल्या कुटुंबाने संत्री दिली, सेल्फी घेतला, पोराला सांगितलं, 'बघ, दीदी कशी करते!' कोल्हापूरच्या अलीकडे एका रसवंतीवाल्याने दुसऱ्या ग्लासाचे पैसे घेतले नाहीत. हे सगळं छान असतं आणि फेसबुकवर टाकायला तर फारच छान.

पण मुलगी असल्यावर 'अनोळखी माणसांचा चांगुलपणा' हे प्रकरण जरा वेगळं असतं हो. शेजारी गाडी स्लो झाली की ओठांवर पहिल्यांदा थँक्यू येत नाही. आधी नंबर प्लेट बघितली जाते, मग गाडीत कितीजण आहेत ते मोजलं जातं, मग मित्र किती मागे आहे त्याचा अंदाज घेतला जातो. नव्वद टक्के वेळा तो बिचारा पाणी हवंय का एवढंच विचारणार असतो. ते कळायच्या आत आपण 'नो थँक्यू' म्हणून मोकळ्या.

पाचवा दिवस हुबळी ते दावणगेरे, जवळजवळ दीडशे किलोमीटर. पूर्वेचा वारा तोंडावर. हावेरी ओलांडली तेव्हा तीन वाजून गेले होते. ब्याडगीच्या फाट्याजवळ मिरच्यांचे ट्रक जात होते आणि मी शिंकत शिंकत पेडल मारत होते. मित्र पुढे निघून गेला होता. राणेबेन्नूरच्या अलीकडे मागच्या चाकातून फाट्ट असा आवाज आला.

साधं पंक्चर असतं तर मीच काढलं असतं. हायवेच्या कडेला ट्रकच्या फुटलेल्या टायरांच्या तारा पडलेल्या असतात, त्या रोज एखाद-दुसरं पंक्चर देतातच. पण या वेळी टायरच बाजूने दोन बोटं फाटला होता. नवी ट्यूब टाकली तर ती त्या फटीतून फुगा होऊन बाहेर येणार आणि फुटणार. साडेपाच झालेले. मोबाइल सात टक्क्यांवर. मित्राला फोन लागला, तर स्वारी दहा-बारा किलोमीटर पुढे. 'येतो परत,' म्हणाला आणि फोन झोपला.

एक टेम्पोवाला थांबला. दावणगेरेला सोडतो म्हणाला. मी नाही म्हटलं. तो चांगला होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही.

सायकल ढकलत अर्ध्या तासाने एक पंक्चरचं दुकान दिसलं. पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, शेजारी चहाची टपरी. टपरीवरच्या बाईंनी माझ्याकडे एकदा वरून खाली पाहिलं आणि विचारलं, 'ऊटा आयता?' जेवलीस का? मी मान हलवली, त्यांना ती खोटी आहे हे लगेच कळलं. भाकरी आणि कसलीशी झणझणीत चटणी समोर आली. मग त्या स्टूल घेऊन माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला कानडी. गिऱ्हाईक आलं की उठायच्या, चहा द्यायच्या, परत येऊन बसायच्या. मित्र येईपर्यंत, म्हणजे तासभर. का बसल्या होत्या ते न सांगता कळलं.

पंक्चरवाले चाचा दखनी बोलत होते. त्यांनी फाटका टायर उलटा करून पाहिला, एका जुन्या टायरचा तुकडा कापला, कडा घासून पातळ केल्या आणि आतून चिकटवला. माझ्या बारीक व्हॉल्व्हला त्यांच्या कॉम्प्रेसरचा पाइप बसेना, तर माझ्याच खेळण्यासारख्या हातपंपाने शंभर-दीडशे झटके मारले. मारता मारता विचारलं, 'कित्ते की है ये?'

'पैंतालीस हजार.'

पंप थांबला. 'और जाना कायकू है?'

मी सांगितलं. शाळा, मुली, टॉयलेट.

'तो येईच बेच के बन जाता था ना?'

मी म्हटलं, तसं नाही, लोकांमध्ये अवेअरनेस होतो. ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये ही स्लाइड मीच बनवली होती. 'अच्छा, अवेरनेस,' ते अगदी आदराने म्हणाले. पुन्हा पंप सुरू. मग म्हणाले, 'पानी है क्या उधर?'

'होगा,' मी म्हटलं.

साठ रुपये झाले. मी शंभराची नोट काढली. 'वो तुम्हारे टॉयलेट में डाल दो,' ते म्हणाले. मला हसू फुटलं, त्यांना नाही. नोट घेतलीच नाही. वर नंबर दिला, 'पहुंचे तो मिस कॉल मारना.'

तो तुकडा बंगलोरपर्यंत टिकला. चित्रदुर्गच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या, तुमकूरनंतरचं ट्रॅफिक, सगळं पार झालं. मिस कॉल मारला. लगेच उलटा फोन. 'पहुंच गए? ठीक.' कट.

एप्रिलमध्ये टॉयलेट बांधून झालं. मी फोटो टाकला, भिंतीवर फुलपाखरू रंगवलेला. ऑफिसला मेल गेला, 'प्रोजेक्ट कम्प्लीट!' दोनशे चौदा लाइक्स.

जूनमध्ये, ऐन मीटिंगमध्ये, फोन वाजला. 'मॅडम, पानी आया क्या उधर?'

मी म्हटलं, हो, म्हणजे, विचारून सांगते. शाळेत फोन केला. 'बांधकाम एकदम फर्स्टक्लास झालंय मॅडम. पाण्याचं बघतोय आम्ही.' शनिवारी गेले. फुलपाखराच्या शेजारी दाराला कुलूप होतं. वर टाकी होती, तिला पाइप नव्हता. बोअर होती, तिला मोटर नव्हती. मुली अजून शाळेच्या मागे ओढ्याकडेच जात होत्या. मी ज्या कोनातून फोटो मागवला होता, त्यात यातलं काही येतच नव्हतं.

मोटर आणि पाइपचे बावीस हजार. पुन्हा मेल कुठल्या तोंडाने करणार? आम्ही दोघांनी अकरा-अकरा घातले. सायकल विकली नाही, हेही सांगून टाकते. त्या आठ दिवसांत हॉटेलं, टायर, बसचं परतीचं तिकीट यावर आमचा किती खर्च झाला त्याचा हिशेब मात्र एकदा रात्री बसून केला. तो इथे लिहीत नाही.

ऑगस्टमध्ये पाणी आलं. या वेळी फोटो ऑफिसला पाठवला नाही. चालू नळाचा व्हिडिओ काढला आणि राणेबेन्नूरच्या त्या नंबरवर टाकला. दोन तासांनी व्हॉइस मेसेज आला. मागे कॉम्प्रेसरचा आवाज, कुणीतरी चहा मागतंय.

'अच्छा है. लेकिन उसकू ताला मत मारने देव, बोलो उनकू.'