भरून ठेवलेली गाणी

नाशिकच्या द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीवर या सदरात पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून आज कोंडी नको. आज त्या कोंडीत उभ्या असलेल्या माणसांच्या कानांत काय चाललेलं असतं, त्याबद्दल लिहायचं आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, तिथे ट्रक, एसटी, रिक्षा, ट्रॅव्हल्सच्या गाड्या सगळ्या एकत्र खोळंबतात आणि बहुतेक गाड्यांत काही ना काही वाजत असतं. दहा-पंधरा वर्षांपूर्वी हे वाजणं चिपमधून किंवा पेनड्राइव्हमधून येई. मोबाइलच्या दुकानांवर ‘गाणी भरून मिळतील’ अशी पाटी असे. गिऱ्हाईक चिप काढून देई, जुनी भावगीतं, लावण्या, भक्तिगीतं असं काय काय हवं ते सांगे आणि दुकानदार संगणकावरून ते उतरवून देई. ती पाटी आता विरळ झाली. गाणी भरावी लागत नाहीत, ती आपोआप येतात. हे एक क्रियापद व्यवहारातून गेलं, त्याच्याबरोबर आपल्या हातून काय गेलं याचा हिशेब कुणी मांडताना दिसत नाही.

‘भरणं’ हा आपल्या घरातला जुना शब्द आहे. उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरतात, पावसाळ्याआधी लाकूडफाटा भरतात, सकाळी पाणी भरतात. गंगापूर धरणाचं पाणी नळाला येतं म्हणून नाशिकमधल्या घरांनी पिंप आणि गच्चीवरची टाकी काढून टाकलेली नाही. नळ ही सोय आहे आणि पिंप हा भरवसा आहे, एवढं शहाणपण प्रत्येक घराला असतं. गाणी आणि फोटो यांच्या बाबतीत मात्र आपण नळ आल्याबरोबर पिंप भंगारात दिलं.

यंत्रांचा इतिहास थोडक्यात असा. सोनीचा वॉकमन १९७९ साली आला, अ‍ॅपलचा आयपॉड २००१ साली; त्या पहिल्या आयपॉडमध्ये हजार गाणी मावत. २०२२ मध्ये अ‍ॅपलने आयपॉड बंद केला. जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची आकडेवारी सांगते की २०१० साली बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ साली तो आकडा ऐंशी लाखांच्या आत आला. हे सगळं फोनने गिळलं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण फोन आज त्यातलं बहुतेक सगळं चांगल्या प्रकारे करतो. तक्रार आहे ती त्या यंत्रांबरोबर असलेली साठवणीची जागा गेली याबद्दल. कॅमेऱ्याचं कार्ड बाहेर निघत असे, कॅसेट खणात राहत असे. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसने काढलेल्या पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या कॅसेट मराठी घरांनी परदेशात जातानाही बॅगेत घातल्या, त्या एका घरातून दुसऱ्या घरात गेल्या, आणि त्या ऐकण्यासाठी दर महिन्याला कुणाची परवानगी लागली नाही.

आज ‘डाउनलोड’ या शब्दाचा अर्थच बदलला आहे. पूर्वी डाउनलोड म्हणजे आपल्याकडे आलं. आता गाण्यांच्या अ‍ॅपवर डाउनलोड केलेलं गाणं त्या अ‍ॅपच्या कुलपात असतं. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू राहायची असतील तर तीस दिवसांत एकदा तरी इंटरनेटला जोडून हजेरी द्यावी लागते, आणि वर्गणी थांबली की ती वाजत नाहीत. गूगल प्ले म्युझिक २०२० साली बंद झालं. एअरटेलचं विंक म्युझिक गुंडाळण्याचा निर्णय २०२४ साली जाहीर झाला. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिक आणि स्पॉटिफाय यांचं व्यवहारात जमलं नाही, तेव्हा त्या कंपनीची गाणी तिथून रातोरात नाहीशी झाली. ‘सैराट’ची गाणी याच कंपनीने काढलेली आहेत, म्हणजे हा प्रश्न कुठल्या दूरदेशीच्या संगीताचा नाही. आणि ज्यांनी स्वतःचं संगीत दुसऱ्याच्या घरात ठेवलं, त्यांची अवस्था आणखी वाईट. मायस्पेस या संकेतस्थळाने २०१९ साली कबूल केलं की २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झालं. त्यात कितीतरी नवशिक्या गायकांची एकमेव प्रत असणार.

यावर पहिला आक्षेप येतो तो चोरीचा. चिपमध्ये भरून मिळणारी गाणी बहुतेक वेळा बिनपरवान्याची होती, गायकाला आणि गीतकाराला त्यातून काही मिळत नव्हतं. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. पण चूक भरण्यात नव्हती, पैसे न देण्यात होती. संगीत कंपन्यांच्या संघटनेने अशा दुकानांना रीतसर परवाने देण्याची योजनाही आणली होती. ती वाट रुंद करता आली असती. आज एखाद्याला जुन्या मराठी भावगीतांचा संच पैसे मोजून, कायमचा, साध्या एमपीथ्री स्वरूपात विकत घ्यायचा म्हटलं तर त्याने जायचं कुठे? वर्गणी देणारे लाखो आहेत, विकत घेऊ पाहणाऱ्याला मात्र काउंटरच सापडत नाही. प्रामाणिक गिऱ्हाईक असं दाराबाहेर ठेवल्यावर चोरीबद्दल बोलण्याचा अधिकार निम्मा होतो.

लोकांना भरून ठेवलेलं नकोच आहे, असंही म्हणता येत नाही. सारेगामा कंपनीने २०१७ साली ‘कारवाँ’ बाजारात आणला: जुन्या रेडिओसारखा दिसणारा डबा, आत पाच हजार गाणी, इंटरनेटची गरज नाही. पुढे त्याची मराठी आवृत्तीही आली. जाणकारांना तो मागे जाण्याचा प्रकार वाटला असेल, पण मुलांनी आई-वडिलांसाठी तो आवर्जून घेतला. कारण बटण फिरवलं की गाणं लागतं, आणि काल जे लागत होतं ते आजही लागतं. शिवाय त्याला पेनड्राइव्ह लावायची खाच आहे, म्हणजे कंपनीच्या निवडीपलीकडचं आपलंही काही वाजवता येतं. ही खाच मला त्या पाच हजार गाण्यांइतकीच मोलाची वाटते. महागड्या फोनमधून अशी खाच काढून टाकली जात असताना (सॅमसंगने २०२१ च्या एस मालिकेत मेमरी कार्डची जागा ठेवली नाही, आयफोनमध्ये ती कधी नव्हतीच) या साध्या डब्याने ती ठेवली.

गाण्यांचं एक वेळ सोडून देऊ. गाणं कुठे ना कुठे दुसऱ्याकडे असतं. फोटोंचं तसं नाही, आणि खरी काळजी तिथे आहे. आजीच्या हातावरच्या गोंदणाचा फोटो जगात एकच असतो. तो कुठे आहे? फोनमध्ये, आणि फोनमधून गूगलच्या खात्यात. १ जून २०२१ पासून तिथली मोफत अमर्याद साठवण संपली. त्यानंतरचे फोटो, मेल आणि बाकी फायली मिळून पंधरा जीबीच्या आत बसवायचे किंवा पैसे भरायचे. डिसेंबर २०२३ पासून, दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसण्याचं धोरणही लागू झालं. घरातला कर्ता माणूस गेला की त्याचं सिम काही महिन्यांत बंद होतं, ओटीपी येत नाही, पासवर्ड कुणाला ठाऊक नसतो, आणि दुःखात असलेल्या घराला हे सुचेपर्यंत दोन वर्षं सहज निघून जातात. आपल्या मागे खातं कुणाच्या हाती द्यावं हे आधी नोंदवून ठेवायची सोय गूगलने दिलेली आहे, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. पण किती घरांनी ती पाहिली आहे? उरतो तो व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो. तो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की आकसतो आणि कॅमेऱ्याने आत लिहिलेली तारीख आणि जागाही त्यातून निघून जाते. लग्नाचा अल्बम पूर्वी कपाटात असे, मग व्हिडिओ कॅसेट आली, मग डीव्हीडी, मग पेनड्राइव्ह. आता फोटोग्राफर दुवा पाठवतो, आणि त्या दुव्याला बऱ्याचदा मुदत असते.

सगळ्यात वजनदार आक्षेप यापुढचा आहे. घरात ठेवलेलं तरी कुठे टिकतं? हार्ड डिस्क अडकून बसते. चिपमध्ये माहिती विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपात असते, वर्षानुवर्षं तशीच पडून राहिली तर तो भार झिरपतो. व्हिडिओ कॅसेट घरात असल्या तरी लावायच्या कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या फुनाई या शेवटच्या कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवलं. त्यापेक्षा कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये एकेका फोटोच्या अनेक प्रती असतात, एका ठिकाणी आग लागली तरी सहसा काही जात नाही. हे मला मान्य आहे. म्हणूनच मी नळ तोडा असं म्हणत नाही. दोन प्रती, दोन ठिकाणी. त्यातली एक अशी की जिची किल्ली आपल्या हातात आहे. यंत्रं बदलतील, पण जेपेग आणि एमपीथ्री ही स्वरूपं कुणा एकाच्या कुलपात नाहीत, त्यामुळे दर चार-पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवून घेतलं की प्रत पुढे जाते. वर्षाचा गहूसुद्धा मध्येच ऊन दाखवून पुन्हा भरावा लागतो.

एकच प्रत, तीही दुर्लक्षित, म्हणजे काय होतं हे नाशिकला बाहेरच्यांनी सांगायची गरज नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला, आणि त्यानंतर ते आपलं काम घेऊन नाशिकला आले. त्या चित्रपटाच्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं एवढीच आज उपलब्ध आहेत, आणि तीसुद्धा १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. त्या काळची नायट्रेटची फिल्म भडकन पेटणारी, आणि वापरून झालेल्या चित्रपटाची किंमत अनेकांना तिच्यातून निघणाऱ्या चांदीपुरतीच वाटायची. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ आज बराचसा पाहायला मिळतो तो राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या पी. के. नायर यांनी शोधाशोध करून तुकडे मिळवले म्हणून. घरगुती फोटोंसाठी कुणी नायर येणार नाहीत.

म्हणून एक सूचना. ज्या दुकानदारांनी वर्षानुवर्षं गाणी भरून दिली, त्यांच्याकडे हे कौशल्य आहे, संगणक आहे आणि गिऱ्हाइकाचा विश्वासही आहे. महात्मा गांधी रस्त्यावर असोत किंवा द्वारकेच्या आसपास, त्यांनी आता फोनमधले फोटो मूळ आकारात, वर्षवार फोल्डर करून, दोन डिस्कवर उतरवून द्यावेत आणि कामाचे रास्त पैसे घ्यावेत. गिऱ्हाइकासमोर बसूनच काम व्हावं, म्हणजे खासगी फोटोंची प्रत दुकानात राहणार नाही. एक डिस्क आपल्या घरी, दुसरी बहिणीच्या किंवा मामाच्या घरी. फोटोतल्या माणसांची नावं मात्र दुकानदाराला माहीत नसतात. ती घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका वहीत लिहून न्यावी लागतील, आणि ते काम दुकानात जायच्या आधी, या दिवाळीच्या सुट्टीत, सगळे एका घरात जमलेले असतानाच होण्यासारखं आहे.