डबा भंगारात द्या, डिस्क नको!

दिवाळीची साफसफाई आणि भंगारवाला यांचं काहीतरी साटंलोटं असावं, असं मला नेहमी वाटतं. आपण माळा उपसायला घेतला, की गल्लीत त्याची आरोळी आलीच म्हणून समजा! गेल्या दिवाळीत आमच्या ह्यांनी जिन्याखालच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "तो डबा देऊन टाक एकदाचा. किलोवर घेतो तो."

डबा! २००२ साली हप्त्यांवर घेतलेला आमचा पेन्टियम थ्री. घरी आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहिलं होतं, पेढे वाटले होते. मॉनिटरला क्रोशाचं कव्हर मीच विणलं होतं. मुलांची बारावी झाली, लॅपटॉप आले, मोबाइल आले, आणि हा बापडा जिन्याखाली गेला. मी म्हटलं, "थांबा. आधी आत काय आहे ते बघू दे."

मैत्रिणींनो, आज मला एवढंच सांगायचंय. जुना कॉम्प्युटर घराबाहेर काढायचा की नाही, हे त्याच्या वयावरून ठरवू नका. त्याच्या हार्ड डिस्कमध्ये काय आहे, यावरून ठरवा. आणि तो निर्णय घरात एकट्या पुरुषमाणसांवर किंवा कॉलेजच्या पोरांवर सोडू नका. कारण त्या डिस्कवर आपण काय काय साठवलंय, हे त्यांना ठाऊकच नसतं!

आमच्याच डिस्कवर बघा ना. एमएस-सीआयटीचा क्लास केल्यावर हाताला सवय राहावी म्हणून मी दुपारी टायपिंग करायचे. सासूबाई शेजारी पोथी घेऊन बसायच्या. एकदा सहज म्हटलं, "आई, जात्यावरच्या ओव्या सांगा, मी टाइप करते." त्यांनी आधी आढेवेढे घेतले. ह्यात काय लिहिण्यासारखं, म्हणे! मग सुरू झाल्या त्या थांबेनात. माहेरच्या, भावाच्या, विठ्ठलाच्या, आणि नणंदांवरच्याही. (त्या सांगताना आवाज बारीक व्हायचा.) पावसाळाभर आमचं ते चाललं आणि १४० ओव्या झाल्या. २०१३ साली आई गेल्या. त्या ओव्या दुसरीकडे कुठेही लिहिलेल्या नाहीत. शिवाय माझ्या शिवणक्लासचे हिशेब, आणि नणंदेच्या लग्नातल्या आहेराची यादी! कुणी किती पाकीट घातलं आणि कुणी स्टीलचा डबा दिला, सगळं एक्सेलमध्ये. आहेराची यादी हरवणं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर मी बटण दाबलं. पंखा घुरघुरला, तारीख भलतीच दिसली आणि आतून आवाज यायला लागला... टक्... टक्... टक्. पडद्यावर काळ्यावर पांढरी अक्षरं, बाकी काही नाही. मी चारदा बंद करून चारदा चालू केलं. इथेच माझी पहिली चूक झाली.

दुसरी व्हायची होती, ती टळली. बाजारपेठेतल्या दुरुस्तीच्या दुकानात नेलं तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून देतो, नाहीतर नवीनच घ्या." मी डबा उचलला आणि रिक्षाने घरी आले. माझ्या एका मैत्रिणीची बारा वर्षांच्या फोटोंनी भरलेली डिस्क अशीच एका दुकानात न विचारता फॉरमॅट झाली होती. बंद पडलेली मशीन चालू करणं ही त्यांची दुरुस्ती. आपली दुरुस्ती वेगळी असते हो. मशीन चालो न चालो, आतलं बाहेर आलं पाहिजे. दुकानात जायचंच झालं तर पहिलं वाक्य हेच बोला, "आधी कॉपी, मग रिपेरी." आणि शक्यतो समोर बसून करून घ्या.

शेवटी नणंदेचा मुलगा मदतीला आला. त्याने डिप्लोमा केलाय आणि जुन्या मशीनचं त्याला वेड आहे. फोनवर आवाज ऐकल्याबरोबर म्हणाला, "मामी, आता त्याला हात लावू नकोस. प्रत्येक वेळी चालू करशील तेव्हा त्याची तब्येत आणखी बिघडेल."

का, ते त्याने घरी येऊन समजावलं. हार्ड डिस्कमध्ये चकचकीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला पाच हजार चारशे किंवा सात हजार दोनशे फेरे घेतात. वाचणारं डोकं, म्हणजे हेड, त्यांना न टेकता वरून तरंगत फिरतं. मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहून कमी! हेडला आपली जागा सापडली नाही की ते मागे जातं, पुन्हा येतं, पुन्हा मागे. तोच तो टकटक आवाज. अशात ते तबकडीवर घासलं, तर तेवढा भाग कायमचा गेला. म्हणून त्या डिस्कचं झाकण कधीही, अगदी कधीही उघडायचं नाही. धुळीचा एक कण पुरतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवण्याचा उपाय कुणी सांगेल, तोही करू नका. आत दव धरतं.

बाहेरचं काम मात्र स्वयंपाकघरातला मिक्सर उघडण्याइतकंच अवघड आहे. प्लग काढायचा, कॅबिनेटचे स्क्रू काढायचे. हार्ड डिस्क पाटीएवढ्या चौकटीत चार स्क्रूंवर बसलेली असते. मागे एक रुंद, राखाडी, सपाट पट्टी असते, ती माहितीची. चार तारांचा पांढरा प्लग असतो, तो विजेचा. हा प्लग भलता घट्ट बसतो, हलवत हलवत काढावा लागतो. आणि शेजारी असतं इवलंसं प्लास्टिकचं टोपण, जंपर म्हणतात त्याला. ही गंमत मला फार आवडली. एका पट्टीवर दोन डिस्क जोडता येतात, त्यातली थोरली कोण आणि धाकटी कोण, हे ते टोपण ठरवतं. दोघींचं टोपण थोरलीच्या जागी बसवलं तर घर चालत नाही! मी म्हटलं, "अरे, हे तर कॉम्प्युटरवाल्यांना आम्ही शिकवलं असतं."

भाच्याने ती डिस्क एका केबलने लॅपटॉपला जोडली. आयडीई टू यूएसबी या नावाने ती मागायची, सोबत विजेचा वेगळा अ‍ॅडॉप्टर मिळतो. मला साडेसहाशेला पडली. आणि काय आश्चर्य, टकटक बरीच कमी झाली! जुन्या डब्यातला वीजपुरवठाच म्हातारा झालेला, डिस्कला पुरेशी ताकद मिळत नव्हती. तेव्हा आवाज आला म्हणजे डिस्क मेलीच, असं लगेच धरून बसू नका.

फायली एकेक करून ओढायच्या नाहीत, हेही तेव्हा कळलं. 'डीडी-रेस्क्यू' नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. ते आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलून घेतं, आणि अडखळणारी जागा शेवटी पुन्हा पुन्हा वाचून बघतं. तांदूळ निवडताना आपणही चांगले दाणे आधी पुढे ओढतो आणि खड्याची शंका असेल ते बाजूला ठेवतो ना, तसंच. २० जीबीची डिस्क, रात्री नऊला लावली, सकाळी दूध तापवायला उठले तेव्हा झाली होती. थोडी जागा वाचताच आली नाही. बारशाच्या तीन फोटोंचा खालचा अर्धा भाग राखाडी झालाय. पाळणा दिसतो, बाळ दिसत नाही. फार वाईट वाटलं. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत यूपीएसची बॅटरी दगा द्यायची आणि चालू मशीन धाडकन बंद पडायचं. फायली अर्धवट लिहिल्या जायच्या, डिस्कचेही हाल व्हायचे. आपल्याकडच्या डिस्कनी काय काय सोसलंय!

ओव्यांची फाइल अख्खी मिळाली. हुश्श म्हणून उघडली तर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा! तेव्हा आपण शिवाजी फॉन्टमध्ये टाइप करायचो, आठवतंय? त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं नुसती दिसायला मराठी असतात. आतून ती इंग्रजी कळांवर बसवलेली. फॉन्ट नसेल तर खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. तेव्हा जुन्या डिस्कवरून फायली काढताना फॉन्टचं फोल्डरही काढा. हे दुकानातला कुणी सांगत नाही. आमचा फॉन्ट त्याच डिस्कवर सापडला. मग कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये आणलं. तरी र्‍हस्व वेलांट्या पुढेमागे झाल्या, रफार भलत्याच अक्षरावर चढले. पूर्ण आठवडा मी चष्मा लावून एकेक ओवी दुरुस्त करत बसले होते.

फ्लॉपींचं सांगायला फारसं काही नाही. दहांपैकी चार वाचल्या. १.४४ एमबीची ती चौकोनी चकती, आपल्या हवेत तिला बुरशी धरते. सरकतं झाकण बाजूला करून उजेडात बघा. पांढुरके डाग दिसले तर ड्राइव्हमध्ये घालू नका. ती घाण हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फ्लॉपीलाही ओरखडे पडतात.

आता प्रश्न असा की सगळं बाहेर काढल्यावर जुना डबा कशाला ठेवायचा? ह्यांनीही हेच विचारलं. माझ्या क्लासच्या हिशेबाचा प्रोग्रॅम विन्डोज ९८ वरच चालतो, हे एक कारण. आणि दुसरं, मला तो हवा होता! ह्यांची १९९० सालची स्कूटर अजून अंगणात उभी आहे, तिला कोण विचारतं? डिस्कच्या जागी आम्ही कॅमेर्‍यातलं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. ते कार्ड मुळात त्याच आयडीई भाषेत बोलतं, त्यामुळे साधी जोडपट्टी पुरते. ३२ जीबीचं घेतलं. त्या काळातल्या बर्‍याच मशीनना १३७ जीबीच्या पुढचं दिसतच नाही, त्यामुळे दुकानदार मोठी डिस्क गळ्यात मारायला लागला तर घेऊ नका. वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मदरबोर्डवर घड्याळात असतो तसला गोल चपटा सेल असतो, सीआर २०३२, तोही बदलला. तारीख भलती दिसत होती ती त्याच्यामुळे. आता मशीन सुरू होताना घरघर नाही, टकटक नाही. इतकं शांत, की सुरुवातीला मी पडद्याकडे बघून खात्री करायचे. इंटरनेट मात्र त्याला जोडायचं नाही. विन्डोज ९८ ची सुरक्षा २००६ सालीच थांबली आहे.

ज्यांना मशीन ठेवायचंच नाही, त्यांनी जरूर काढावं. पण डिस्क काढून घेऊन मगच. आपण 'डिलीट' करतो तेव्हा फाइल जात नाही, तिचं नाव फक्त यादीतून खोडलं जातं. साधा फॉरमॅट मारला तरी बरंच काही परत मिळवता येतं. त्यात आपले फोटो असतात, बँकेचे कागद असतात, मुलींचे बायोडाटा असतात, आणि हे सगळं किलोच्या भावात कुणाच्या हाती पडेल याचा नेम नाही. पूर्ण डिस्कवर शून्यं लिहिणारी सॉफ्टवेअर मिळतात, ती चालवावीत. डिस्क बंदच असेल तर अंगणात नेऊन तबकड्यांना भोकं पाडावीत. काही तबकड्या काचेच्या असतात, डोळ्यांना जपा. उरलेला डबा ई-कचरा घेणार्‍या अधिकृत केंद्राकडे द्यावा. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठीचे नवे नियम देशभर लागू आहेत.

मुलगा म्हणतो, "आई, क्लाउडवर टाक ना, कशाला एवढा खटाटोप?" टाकलंय, बाबा. पण पासवर्ड विसरला, मोबाइल नंबर बदलला, की त्या क्लाउडच्या दारात आपणच परके. म्हणून एक प्रत तिथे, एक नव्या हार्ड डिस्कवर, ती लोखंडी कपाटात दागिन्यांच्या शेजारी, आणि एक भाच्याकडे पुण्यात. पेनड्राइव्हवर किंवा कार्डावर एकुलती एक प्रत ठेवून वर्षानुवर्षं कपाटात विसरू नका. त्यातली माहितीही काळाने पुसट होऊ शकते.

संक्रांतीला नणंदबाई आल्या तेव्हा ओव्यांची छापील प्रत त्यांच्या हातात दिली. आहेराची यादीही दाखवली, त्यावर पोट धरधरून हसलो. मग चष्मा लावून त्या ओव्या वाचायला बसल्या, ओठ हलत होते. बाविसाव्या ओवीवर थांबल्या. म्हणाल्या, "वहिनी, हा शब्द चुकलाय गं. आई असं नव्हती म्हणत." आणि त्यांनी ती चालीवर म्हणून दाखवली.

त्यांचं बरोबर होतं. वीस वर्षांपूर्वी मीच चुकीचं ऐकलं होतं. आता तो शब्द तिन्ही ठिकाणी बदलायचाय.