बेंगाल केमिकलच्या स्टॉपवर

दादर ते वरळी. गेली सहा वर्षं माझा हाच रूट. सिद्धिविनायक मागे पडलं, की अर्धी बस मनातल्या मनात नमस्कार करून परत मोबाइलमध्ये शिरते आणि मग कंडक्टरची हाक येते, "चला, बेंगाल केमिकल, बेंगाल केमिकल!" सहा वर्षांत मला एकदाही प्रश्न पडला नाही, की प्रभादेवीत हे बेंगाल आलं कुठून आणि केमिकल कसलं? आपण मुंबईकर असले प्रश्न पाडून घेत नाही. बसायला जागा मिळाली, की आपला इतिहास-भूगोल तिथेच संपतो.

तर तो प्रश्न मला पाडला आमच्या ऑफिसातल्या दादाने. हा दादा म्हणजे गल्लीतला नव्हे, अकाउंट्समधला. जन्म कोलकात्याचा, नोकरी मुंबईची आणि जीव कायमचा माशात अडकलेला. त्यांच्या पूजा मंडळाने यंदा ठरवलं, की मुंबईतल्या काही बंगाली मंडळींचा सत्कार करायचा. धंद्यात नाव काढलेले आणि समाजासाठी काही केलेले, असे लोक. सत्काराआधी दहा मिनिटं पडद्यावर जुन्या मोठ्या लोकांच्या स्लाइड्स दाखवायच्या. आणि स्लाइड्स म्हटलं, की ऑफिसात सगळ्यांना एकच बकरा दिसतो. मी.

"बंगाली आणि बिझनेस?" मी हसलेच. "दादा, कवींच्या स्लाइड्स हव्या असतील तर शंभर करून देते."

दादाने चश्मा काढला. (दादाने चश्मा काढला, की समजायचं आता व्हाउचर परत येणार.) "अच्छा? आणि तुम्ही मराठी लोक मोठे बिझनेसवाले! वडापावची गाडी लावायची झाली, तरी तुम्ही आधी बँकेत नोकरी शोधता."

गप्प बसले. कारण खरं होतं. माझ्या मावसभावाने कुरिअरचा धंदा टाकून आठ वर्षं झाली. त्याच्या हाताखाली अकरा माणसं आहेत. तरी आमची आई त्याला दर दिवाळीला विचारते, "बाकी सगळं ठीक रे, पण नोकरीचं काय बघितलंस?" दादाच्या घरीही हेच. म्हणजे "आपल्यात धंदा नाही" हा विनोद दोन्ही घरांत सेम टू सेम आहे, फक्त एका घरी तो मोहरीच्या तेलात तळलाय आणि दुसऱ्या घरी शेंगदाण्याच्या.

मग मी कामाला लागले. पहिली स्लाइड दादाने स्वतः सांगितली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय. आणि तिथेच माझ्या बस स्टॉपचं कोडं सुटलं.

हे गृहस्थ १८६१ साली आत्ताच्या बांगलादेशातल्या खुलना भागात जन्मले. एडिंबराहून रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेऊन परत आले आणि १८८९ मध्ये कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवायला लागले. पगार महिना २५० रुपये. इथे आपण काय केलं असतं? फ्लॅट बुक केला असता. यांनी १८९२ मध्ये ७०० रुपये भांडवल घालून राहत्या भाड्याच्या घरात औषधं बनवायला घेतली. का? तर शिकलेली पोरं कारकुनीसाठी रांगा लावतायत आणि साधी औषधंसुद्धा विलायतेहून येतायत, हे त्यांना बघवेना.

माझा आवडता किस्सा हाडांचा. फॉस्फेट बनवायला हाडं लागतात. म्हणून प्रोफेसरसाहेबांनी कसायांकडून पोती भरून हाडं आणली आणि गच्चीवर वाळत घातली. नेमका पाऊस आला. हाडं कुजली, कावळे जमले, वास सुटला आणि शेजारी भांडायला आले. आज कुठल्याही सोसायटीत हे केलं तर व्हॉट्सअॅप ग्रुपवर काय होईल, तुम्हीच कल्पना करा! पण या माणसाने धंदा बंद केला नाही, जागा बदलली. १९०१ मध्ये त्या उद्योगाची लिमिटेड कंपनी झाली, तीच बेंगाल केमिकल अँड फार्मास्युटिकल वर्क्स. १९३८ मध्ये तिचा कारखाना मुंबईत आला. कंपनी आता सरकारी आहे, १९८० मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. फिनेल आणि डांबराच्या गोळ्या मात्र अजून बनतात. आपल्या स्टॉपला नाव या कंपनीचं.

आता दुसरी बाजू बघा. १९०२ च्या सुमाराला गांधीजी कोलकात्यात गोपाळ कृष्ण गोखल्यांकडे महिनाभर मुक्कामाला होते. प्रफुल्लचंद्र शेजारीच राहायचे. गोखल्यांनी त्यांची ओळख कशी करून दिली, ते गांधीजींनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. यांचा पगार ८०० रुपये, त्यातले ४० स्वतःला ठेवतात, बाकी लोकांच्या कामाला देतात. आपल्या गोखल्यांना या माणसाचं सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन हे वाटलं. डॉक्टरेट नाही, कंपनी नाही. ४० रुपये.

मी कॅल्क्युलेटर काढला. पाच टक्के. म्हणजे पंच्याण्णव टक्के दुसऱ्यांना. माझ्या सॅलरी स्लिपवर हे गणित करून बघितलं आणि पटकन बॅक बटण दाबलं.

पुढे १९२१ मध्ये, साठी पूर्ण झाल्यावर, त्यांनी कोलकाता विद्यापीठाला कळवून टाकलं, की यापुढचा माझा सगळा पगार रसायनशास्त्र विभागासाठी आणि संशोधन करणाऱ्या मुलांसाठी वापरा. त्यानंतर ते पंधरा वर्षं शिकवत होते. १९२२ मध्ये उत्तर बंगालमध्ये महापूर आला, तेव्हा मदतकार्याची सूत्रं यांच्याकडे. लग्न केलं नाही. सायन्स कॉलेजातल्या एका खोलीत राहिले आणि १९४४ मध्ये तिथेच गेले.

"दादा," मी म्हटलं, "यांना धंदेवाईक म्हणायचं की दानशूर? स्लाइडला हेडिंग काय देऊ?"

"तोच तर प्रॉब्लेम आहे," दादा म्हणाला. "हेडिंग तुला लागतं. त्यांना लागत नव्हतं."

मग बाकीच्या स्लाइड्स भराभर झाल्या. सुरेंद्रमोहन बसू, म्हणजे डकबॅकवाले, १९२०. माझ्या पिढीने शाळेत जो रेनकोट घातला, तो बंगाली होता याचा मला पत्ताच नव्हता! गौरमोहन दत्त, १९२९, बोरोलीनची हिरवी ट्यूब. आजीच्या कपाटात अमृतांजनच्या शेजारी तीच असायची. दोन्ही स्वदेशीच्या जोशातून उभे राहिलेले उद्योग. म्हणजे "बंगाली आणि बिझनेस?" असं हसणारी मी, त्यांच्याच मालात वाढले होते.

पुढची स्लाइड दादाने थोडा विचार करून दिली. फजले हसन आबेद. "हे बांगलादेशचे, पण बंगाली. माझी आजी त्या बाजूची. भाषा एक, मासा एक. ठेव."

आबेद हिशेबाचे माणूस, दादाच्याच जातकुळीतले. चितगावात शेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. १९७० मध्ये चक्रीवादळ आलं, पाठोपाठ १९७१ चं युद्ध. आबेदनी लंडनमधला आपला फ्लॅट विकला आणि १९७२ मध्ये सिल्हेट भागातल्या खेड्यांत ब्रॅक नावाची संस्था काढली. पुढे ती जगातल्या सगळ्यात मोठ्या स्वयंसेवी संस्थांपैकी एक झाली. आणि ती फक्त देणग्यांवर उभी नाही. खेड्यातल्या बायकांच्या हातचं काम विकणारं आडोंग नावाचं दुकान १९७८ मध्ये निघालं, नंतर डेअरी, बँक. धंदा कमावतो, संस्था वापरते.

पण मला खिळवून ठेवलं ते मीठ-गुळाच्या पाण्याने. जुलाबाने लहान मुलं दगावत होती. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅकच्या बायका घरोघर गेल्या आणि आयांना हे पाणी बनवायला शिकवलं. एक कोटीहून जास्त घरं! आता आपलं एखादं ट्रेनिंग आठवा. किती जणांना दिलं, याचा आकडा पाठवला की झालं. ब्रॅकने काय केलं? काही आठवड्यांनी दुसरी माणसं त्यातल्या काही घरी पाठवली आणि आईला विचारलं, सांगा बघू, पाणी कसं करायचं? आईला जितकं नीट आठवेल, तितके पैसे शिकवणारीला. किती घरं फिरलीस, याचे नाहीत. पहिल्यांदा तेही जमलं नाही. बायकांना सगळं पाठ, पण पाणी कोणी वापरेना. शोध घेतला तेव्हा कळलं, की शिकवणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नाहीये, स्वतःचं पोट बिघडलं की त्या गोळी घेतायत. मग आधी त्यांना पटवलं.

आमच्या एचआरला मी हे सांगितलं. एचआर म्हणाली, "इंटरेस्टिंग." विषय संपला. आबेद २०१९ मध्ये गेले.

शेवटची स्लाइड मी स्वतः शोधली. सुभाषिनी मिस्त्री. तेविसाव्या वर्षी नवरा गेला, उपचाराला पैसे नव्हते म्हणून. पदरात चार मुलं. या बाईने ठरवलं, की आपल्या गावात हॉस्पिटल काढायचं. वीसेक वर्षं लोकांची धुणीभांडी केली, भाजी विकली आणि त्यातून पैसे बाजूला टाकले. कोलकात्याजवळच्या हांसपुकुरला जमीन घेतली, आणि १९९३ मध्ये एका शेडमध्ये ह्यूमॅनिटी हॉस्पिटल सुरू झालं. एक मुलगा डॉक्टर झाला आणि तिथेच उभा राहिला. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

स्लाइड बनवून झाली आणि माझा मूड गेला.

कारण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी. त्यांची मुलगी बारावी झाली. नर्सिंगला नंबर लागला होता. मे महिन्यात मावशींनी फीचं विचारलं, चाचरत, लादी पुसता पुसता. मी म्हटलं, "बघते मावशी. अप्रेझल झालं की बघूच." वाईट हेतू नव्हता हो! खरंच देणार होते. अप्रेझल झालं, लेटर आलं. मग गोव्याचं ठरलं, मग फोन बदलला. मावशींनी परत विचारलं नाही. मीही विषय काढला नाही. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या डोक्यात हे दोन कप्पे पक्के असतात ना? आधी कमवायचं, सेटल व्हायचं, मग द्यायचं. आणि सेटल व्हायची तारीख दर वर्षी पुढे ढकलायची. एका भाजीवालीला जे वीस वर्षं जमलं, ते मला अप्रेझलनंतरही जमेना.

सत्काराची संध्याकाळ छान झाली. ढाक वाजला, धुनुचीच्या धुराने डोळे चुरचुरले, खिचुडीची रांग प्रभादेवीपर्यंत गेली असती. माझ्या स्लाइड्सना टाळ्या पडल्या. मग सत्कारमूर्ती एकेक करून स्टेजवर आले. खांद्यावर उत्तरीय, हातात फुलं आणि मोमेंटो. आपल्याकडे शाल-श्रीफळ, बाकी तोच सोहळा. भाषणंही तीच. "मी या सन्मानाला पात्र नाही," असं म्हणून वीस मिनिटं माइक न सोडणारे लोक बंगालीतही असतात, हे कळून बरं वाटलं.

एकच गृहस्थ दोन मिनिटं बोलले. झवेरी बाजारातले कारागीर, चौदाव्या वर्षी गावाहून आलेले, आता स्वतःचा छोटा कारखाना. गावाकडची पोरं इथे आजारी पडतात, कधी मरतात. त्यांना दवाखान्यात नेणं, घरी पोचवणं, हे काम हे गृहस्थ करतात. कुणीतरी विचारलं, एवढा पैसा कुठून काढता? ते तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाले, की मजुरी हातात आली की आधी त्यातला भाग डब्यात टाकतो, मग उरलेले मोजतो. आधी मोजले तर मन होत नाही.

आधी मोजले तर मन होत नाही. दादाकडे बघितलं. त्याने चश्मा काढला होता, पण या वेळी पुसायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना विचारलं, "पोरीच्या फीचं काय झालं हो?"

"भरली की ताई. पतपेढीतून कर्ज काढलं. ती जाते कॉलेजला जूनपासून."

मावशींच्या आवाजात राग असता, तर बरं झालं असतं. नव्हता. त्यांनी बादली उचलली. मी म्हटलं, "हप्ता कितीचा आहे?" त्यांनी आकडा सांगितला. माझ्या दोन वीकेंडच्या कॉफीच्या बिलाएवढा. "हप्ता पुढच्या महिन्यापासून माझा," मी म्हटलं. मावशी जरा थांबल्या. "बघा ताई," म्हणाल्या. मे महिन्यातला माझाच शब्द त्यांनी मला परत दिला होता.

त्याच दिवशी ऑफिसला जाताना बसमध्ये मोबाइल काढला आणि बँकेत स्टँडिंग इन्स्ट्रक्शन टाकली. तारीख पगाराची. आधी हप्ता, मग मोजणं. ओटीपी आला तेव्हा कंडक्टर ओरडत होता, "चला, बेंगाल केमिकल!"

ता. क. : दादा म्हणतोय, पुढच्या वर्षी मराठी उद्योजकांच्या स्लाइड्स तो करणार. मी म्हटलं, कर, पण एक स्लाइड माझ्या मावसभावाची हवी. आईला पहिल्या रांगेत बसवणार आहे.