गॅसचा पाईप ‘एक्सपायर’ झालाय म्हणे! फोनवर कसं तपासाल?

“नवीन नियम आलाय, पाईप दर दोन वर्षांनी बदलायचा. नाहीतर कनेक्शन बंद.” गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत एक जण दारोदार हे सांगत फिरत होता. गळ्यात ओळखपत्र, मोबाईलवर कसलंसं परिपत्रक. परिपत्रक वाचत बसण्यापेक्षा मी सरळ ओट्याखालचा पाईप बघितला.

केशरी ‘सुरक्षा’ पाईपवर सगळं छापलेलं असतं: आयएसआय मार्क, मानक क्रमांक आयएस ९५७३, उत्पादनाची तारीख आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा लायसन्स नंबर. या पाईपची मुदत पाच वर्षं. आमचा तीन वर्षांचा होता. विषय संपला. आता बीआयएस केअर हे सरकारी ॲप घ्या, ‘व्हेरिफाय लायसन्स डिटेल्स’मध्ये तो नंबर टाका, लायसन्स कोणाचं, चालू आहे की नाही, लगेच दिसतं. त्या माणसाच्या पिशवीतल्या पाईपवर नंबरच नव्हता!

गंमत अशी की, ही थाप खपते ती अर्धी खरी असल्यामुळे. एलपीजी ग्राहकांसाठी पाच वर्षांतून एकदा तपासणी बंधनकारक आहेच. पण ती तुमच्या वितरकाचा मेकॅनिक करतो. म्हणून फोन लावायचा तो गॅसच्या पुस्तकावरच्या नंबरवर, समोरच्याने दिलेल्या नव्हे.

पैसे मागणाऱ्यावर आपण निदान संशय तरी घेतो. मला जास्त भीती वाटते ती “चालतंय हो” म्हणणाऱ्या फिटरची. गॅस गिझर बाथरूममध्येच बसवायचा, वर सांगायचं, “खिडकी बंद ठेवली तरी काही होत नाही, वास आला तर कळेलच.” नाही कळणार. एलपीजीला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. बंद बाथरूममध्ये ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात ऑक्सिजनची जागा अडवतो. माणूस आंघोळ करता करता कोसळतो, आणि आतून कडी असते. थंडीत अशा बातम्या आपण वाचतोच.

हा दावा तपासायला कुठलं ॲप नाही. गिझरचा मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवरून मॅन्युअलची पीडीएफ काढा, त्यात बसवण्याची जागा आणि हवा खेळती ठेवण्याबद्दलचा भाग शोधा आणि तो फिटरसमोर धरा. निळ्याऐवजी पिवळी ज्योत दिसली तर गिझर वापरायचा थांबवा. आंघोळीत डोकं जड झालं, चक्कर आली, तर टॉवेल गुंडाळा आणि आधी बाहेर या; नळ, गिझर सगळं नंतर. एलपीजीची गळती वाटली तर १९०६, चोवीस तास. तो फोनही घराबाहेर जाऊनच करा.