जिनिव्हाची विद्या कोल्हापूरच्या चर्मकारापर्यंत कधी?

जून 2025 मध्ये इटलीतील मिलान शहरात प्राडा या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी हुबेहूब चप्पल मांडली आणि महाराष्ट्रात एकच गदारोळ उडाला. भौगोलिक मानांकनाचे उल्लंघन झाले, असे मथळे प्रस्थापित वृत्तपत्रांत झळकले. वकिली करणाऱ्या आम्हा मंडळींना ते मथळे खटकले, कारण भौगोलिक मानांकन हे मुख्यतः नावाला संरक्षण देते, घाटाला नव्हे. प्राडाने 'कोल्हापुरी' हे नाव वापरलेच नव्हते. शिवाय 2019 साली मिळालेले हे मानांकन भारतीय कायद्याचे आहे. इटलीत ते आपोआप चालत नाही.

मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलै 2025 मध्ये फेटाळली गेली. मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः दाद मागू शकतात, मग तुम्ही कोण, असा न्यायालयाचा सवाल होता. हे मालक म्हणजे महाराष्ट्राचे संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकचे डॉ. बाबू जगजीवनराम यांच्या नावाचे चर्मोद्योग महामंडळ. म्हणजे हक्क शासकीय महामंडळांच्या हाती आहे. तो जागतिक बाजारात कसा वापरायचा, हे तिथल्या अधिकाऱ्यांना कोण शिकवणार?

या विद्येची शाळाच नाही, असे नाही. दिल्लीची भारतीय विदेश व्यापार संस्था 1963 पासून आहे. तिथे 1999 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र निघाले. खुद्द संघटना जिनिव्हात सदस्य देशांच्या अधिकाऱ्यांचे वर्ग घेते. ट्रिप्स कराराच्या कलम 67 नुसार श्रीमंत देशांनी गरीब देशांना तांत्रिक व आर्थिक सहकार्य द्यायचे आहे, आणि त्यात कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षणही येते. अर्थात जो शिकवतो तो आपल्या सोयीचेच आधी शिकवतो, हे वेगळे सांगायला नको.

न शिकल्याची किंमत देशाने मोजलेली आहे. औषधांच्या पेटंट अर्जांवरून अमेरिकेने भारताविरुद्ध तक्रार केली. आम्ही प्रशासकीय सूचनांनुसार अर्ज स्वीकारतो, असा भारताचा बचाव होता. पण अशा सूचनांना 1970 च्या पेटंट कायद्यापुढे भक्कम आधार नाही, असे म्हणत 1997 मध्ये अपील मंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला आणि 1999 मध्ये संसदेला कायदा बदलावा लागला. साधी गोष्ट आहे : तोंडी व्यवस्था जिनिव्हात चालत नाही, लेखी कायदा लागतो. हा धडा मंत्रालयातील सनदी अधिकारी आणि औषध कंपन्यांचे व्यवस्थापक शिकले. त्यांना शिकणे परवडते. खाउजा धोरणात ज्याला माहिती मिळाली तो तरला.

चर्मकार आणि ढोर समाजाला कातड्याला हात लावला म्हणून गावाबाहेर ठेवले गेले. त्याच हातांच्या चपलेचा डिसेंबर 2025 मध्ये प्राडाशी सामंजस्य करार झाला. दोन्ही महामंडळांनी सह्या केल्या. सुमारे 2 हजार जोड, किंमत जोडीला सुमारे 800 युरो. करारात कारागिरांच्या प्रशिक्षणाचीही तरतूद आहे. पण पिढ्यान्‌पिढ्या चप्पल शिवणाऱ्याला प्रशिक्षण नेमके कशाचे द्यायचे? टाके घालायला तो कोणाकडून शिकणार? त्याला शिकायचे आहे ते करार वाचायला.

ही निकड आजची आहे. युरोपीय संघाने हस्तकलेच्या वस्तूंसाठी भौगोलिक मानांकनाचा कायदा 2023 मध्ये केला आणि तो 1 डिसेंबर 2025 पासून लागू झाला. तोवर संघाच्या पातळीवर हे संरक्षण दारू, चीज अशा खाद्यपेयांनाच होते. आता परदेशी वस्तूलाही, मायदेशी संरक्षण असल्याचा पुरावा देऊन, युरोपच्या बौद्धिक संपदा कार्यालयात अर्ज करता येतो. कोल्हापुरीकडे तो पुरावा आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकचे चार जिल्हे त्यात नोंदलेले आहेत. तेव्हा नावाचा हक्क युरोपातही नोंदवता येईल. पण हे दार उघडले आहे, हे या आठ जिल्ह्यांत किती जणांना ठाऊक आहे?

आमची शासनाकडे मागणी आहे की दिल्लीचे हे वर्ग कोल्हापुरात आणावेत, मराठीत आणि कन्नडमध्ये घ्यावेत, आणि पहिल्या बाकावर महामंडळाचे अधिकारी व चर्मकार सहकारी संस्थांचे सचिव बसवावेत. अभ्यासाला प्राडाबरोबरचा करारच घ्यावा, त्याची प्रत प्रत्येक कारागिराला त्याच्या भाषेत मिळावी. आणि युरोपातील अर्जाचा मसुदा त्याच वर्गात तयार व्हावा. अर्ज कोणाच्या नावे, शुल्क कोण भरणार, दोन राज्यांत सही कोणाची, हे प्रश्न तिथेच सुटतील. सामाजिक न्याय विभागाने यासाठी वाणिज्य मंत्रालयाला पत्र लिहायला मुहूर्त लागत नाही.