व्हीआर चष्म्याच्या आधी आकडे द्या



'आमच्या शाळेत व्हीआर लॅब आहे' अशा जाहिराती हल्ली बऱ्याच दिसतात. मुलं चष्मा लावतात, डायनासोर बघतात, ओरडतात, झालं. हे म्हणजे जत्रेतला बायोस्कोप! शास्त्रज्ञांनी हे तंत्र वेगळ्याच कामाला लावलं होतं.

१९९२ साली शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाने 'केव्ह' नावाची खोली लोकांसमोर आणली. भिंतींवर, जमिनीवर चित्रं पडतात आणि आपण चष्मा लावून त्यांच्या मधोमध उभं राहायचं. पुढे अशा खोल्या वेगवान नेटवर्कने जोडल्या. दोन देशांतली माणसं एकाच आकृतीच्या आत उभी राहून चर्चा करू लागली. म्हणजे चष्मा हे निमित्त, खरं काम सोबत विचार करण्याचं.

आणि विचार कशावर? माहितीवर. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये सेकंदाला सुमारे १०० कोटी टकरी होतात. त्यातल्या कामाच्या तेवढ्याच ठेवतात, बाकी पाखडून टाकतात. उरलेली माहिती ४० हून अधिक देशांतल्या केंद्रांकडे जाते. त्यात आपल्या मुंबईचं टीआयएफआरही आहे. तिथे बसून जिनिव्हातल्या प्रयोगाचा अभ्यास चालतो.

'हे मोठ्यांचं काम, आपलं काय?' असं म्हणाल, तर हॅनी फान आर्केल यांचं उदाहरण घ्या. नेदरलँड्सच्या या शाळाशिक्षिका. २००७ मध्ये 'गॅलेक्सी झू' प्रकल्पात सामान्य लोकांना इंटरनेटवरून दीर्घिकांचे फोटो आकारानुसार वेगळे करायला दिले होते. एका फोटोत बाईंना विचित्र निळसर डाग दिसला. त्यांनी विचारलं, हे काय आहे? शास्त्रज्ञांनाही लगेच सांगता येईना! पुढे हबल दुर्बिणीनेही त्याचे फोटो घेतले. आज ती वस्तू त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बाईंकडे व्हीआर चष्मा नव्हता हो, साधा संगणक होता.

म्हणून माझं म्हणणं, लॅबसाठी वर्गणी काढण्याआधी चौथीच्या मुलांना बाटलीचा पर्जन्यमापक करायला लावा. घाटमाथ्याच्या पूर्वेकडची एक शाळा आणि कोकणातली एक शाळा, दोघींनी रोजचे आकडे व्हॉट्सॲपवर एकमेकींना पाठवायचे आणि आलेख एकाच कागदावर काढायचा. 'त्यांच्याकडे एवढा पाऊस, मग आपला कुठे अडला?' हे मुलं स्वतःहून विचारतील. त्या दिवशी चष्मा लावून सह्याद्री दाखवा, टाळ्या मी वाजवते.