टॉमी जॉनचं कोपर आणि आपला गैरसमज

आजारांना डॉक्टरांची नावं मिळतात, हे तुम्हाला माहीत आहे. पार्किन्सन आणि अल्झायमर हे दोघेही डॉक्टरच होते. शस्त्रक्रियेला रुग्णाचं नाव मिळणं मात्र दुर्मीळ. ‘टॉमी जॉन सर्जरी’ हा त्यातला सर्वांत प्रसिद्ध अपवाद. टॉमी जॉन हा अमेरिकेतला बेसबॉलचा पिचर, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू. त्याची कहाणी ‘ऑपरेशनने कारकीर्द वाचली’ अशी सांगितली जाते. ती खरी आहे, पण अर्धीच. आणि या अर्ध्या कहाणीमुळे आज अनेक मुलांच्या कोपरांचं नुकसान होतं आहे, असं माझं मत आहे.

कोपरात नेमकं काय होतं?

तुमच्या कोपराच्या आतल्या बाजूला, म्हणजे तळहात समोर ठेवून उभे राहिलात तर शरीराकडच्या बाजूला, एक छोटा पण चिवट पट्टा असतो. दंडाचं हाड आणि हाताचं करंगळीकडचं हाड यांना तो बांधून ठेवतो. याला अस्थिबंध, म्हणजेच लिगामेंट म्हणतात. बेसबॉलचा पिचर हात मागे नेऊन, कोपर वाकवून, मग झटक्यात पुढे आणतो. त्या क्षणी कोपराची आतली बाजू उघडू पाहते आणि हा पट्टा ती धरून ठेवतो.

हा ताण किती असतो? मृतदेहांच्या कोपरांवर प्रयोगशाळेत ताण देऊन पाहिलं गेलं आहे. ज्या ताणाला हा अस्थिबंध तुटला, त्याच्या जवळपास दुप्पट ताण वेगवान पिचरच्या कोपरावर येतो. मग तो दर फेकीला तुटत का नाही? कारण हाताचे स्नायू आकुंचन पावून ताणातला मोठा वाटा स्वतः उचलतात. हा मुद्दा लक्षात ठेवा. स्नायू थकले की हा वाटा पुन्हा अस्थिबंधावर येतो.

आपल्या क्रिकेटमध्ये गोलंदाजाचा हात जवळजवळ सरळ असतो. त्यामुळे वेगवान गोलंदाजाचं कोपर सहसा वाचतं आणि भार कंबरेच्या मणक्यांवर जातो. भालाफेकीत मात्र कोपर वाकतं. नीरज चोप्राच्या कोपरावर २०१९ साली मुंबईत शस्त्रक्रिया झाली होती, हे तुम्हाला आठवत असेल. ती वेगळ्या प्रकारची होती, पण फेकणाऱ्या हाताचं दुखणं कुठे येऊन थांबतं, हे त्यातूनही दिसतं.

एका कारकिर्दीचे चढउतार

टॉमी जॉनचा जन्म १९४३चा. डावखुरा. १९६३ साली क्लीव्हलँड संघाकडून तो मोठ्या स्पर्धेत उतरला. १९६४ साली त्याच्या नावावर २ विजय आणि ९ पराभव होते. संघाने त्याला सोडलं. पुढे शिकागोत तो स्थिरावला आणि तिथून लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात आला. १९७४च्या हंगामात १३ विजय, फक्त ३ पराभव, अशा ऐन भरात तो होता. १७ जुलैला माँट्रियलविरुद्ध खेळताना त्याच्या डाव्या कोपरातला तो पट्टा तुटला.

तोपर्यंत असं झालं की कारकीर्द संपली, असाच अर्थ होता. डॉजर्सचाच महान पिचर सँडी कूफॅक्स १९६६ साली, २७ सामने जिंकलेल्या हंगामानंतर, कोपराच्या सांधेदुखीमुळे वयाच्या ३०व्या वर्षी निवृत्त झाला होता.

डॉ. फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबर १९७४ रोजी जे केलं, ते या खेळात कुणी केलं नव्हतं. जॉनच्या उजव्या हातातली एक बारीक कंडरा काढून त्यांनी ती डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडून ओवली. पूर्वीसारखं खेळता येण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी त्याला सांगितलं होतं.

ही कंडरा तुमच्याही हातात असू शकेल. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी उठून दिसते ती हीच. साधारण सात जणांत एकाला ती नसते आणि त्याचं काही अडत नाही. म्हणूनच ती काढून दुसरीकडे वापरता येते.

शस्त्रक्रिया झाली, पण कोपराजवळून जाणाऱ्या नसेने त्रास दिला. बोटांतली ताकद गेली, म्हणून डिसेंबरमध्ये पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. १९७५चा अख्खा हंगाम त्याने एकही सामना न खेळता व्यायामात घालवला. १९७६ साली तो परतला तो १० विजय, १० पराभव अशा साध्याच आकड्यांनी. १९७७ साली मात्र २० विजय. १९७९ साली न्यूयॉर्क यांकीजकडून २१ आणि १९८० साली २२. शेवटचा सामना खेळला तेव्हा १९८९ साल उजाडलं होतं आणि वय होतं ४६. एकूण २८८ विजयांपैकी १६४ शस्त्रक्रियेनंतरचे. तरीही बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’साठी लागणारी ७५ टक्के मतं त्याला पत्रकारांच्या १५ वर्षांच्या मतदानात कधीच मिळाली नाहीत.

गैरसमज कुठे आहे?

‘ऑपरेशननंतर तो आधीपेक्षा जास्त जिंकला, म्हणजे ऑपरेशनने हात मजबूत होतो.’ हा निष्कर्ष सरळ वाटतो आणि तो चुकीचा आहे. अमेरिकेत झालेल्या एका पाहणीत शाळकरी खेळाडूंपैकी जवळपास निम्म्यांना दुखापत नसतानाही खेळ सुधारण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घ्यावी, असं वाटत होतं. काही पालकही त्याच मताचे होते.

नवी कंडरा फार तर मूळ पट्ट्याची जागा घेते, वेग वाढवत नाही. परतलेला खेळाडू चांगला खेळतो, तेव्हा श्रेय बहुधा एक-दीड वर्षाच्या सक्तीच्या विश्रांतीला आणि खांदा, पाठ, पाय यांच्या शिस्तबद्ध व्यायामाला असतं. तेवढी विश्रांती आणि तेवढा व्यायाम आधीच मिळाला असता, तर कदाचित ऑपरेशनची वेळच आली नसती.

दुसरी गोष्ट. जॉन हा वेगाचा पिचर नव्हता. त्याचा चेंडू फलंदाजाजवळ येताना खाली बसायचा. अचूकपणा हीच त्याची ताकद होती. आजच्या मुलांना मात्र मोजलं जातं ते वेग दाखवणाऱ्या यंत्रावर.

तिसरी गोष्ट. आपल्याला परतलेले लोक आठवतात. व्यावसायिक पिचरांपैकी दहातले साधारण आठ परततात, पण त्यांच्यामागे उत्तम डॉक्टर, फिजिओ आणि पगारी वेळ असतो. उरलेल्या दोघांची कहाणी कुणी सांगत नाही. उत्तर प्रदेशातला रिंकू सिंग २००८च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेतून निवडला जाऊन अमेरिकेत बेसबॉल खेळू लागला. भालाफेकीतून आलेला तो मेहनती मुलगा. दुखापतींनी त्याचे एकापाठोपाठ हंगाम गेले आणि पुढे तो कुस्तीच्या मनोरंजनाकडे वळला. मेहनत कमी पडली म्हणून असं होत नाही.

पालकांनो, हे तुमच्या हातात आहे

अमेरिकेतल्या मराठी घरांमधली मुलं शाळेच्या वयात बेसबॉल खेळतात आणि इथली मुलं उन्हाळी शिबिरात सीमारेषेवरून थ्रो करत दिवस काढतात. दोघांनाही लागू पडेल असं सांगतो.

वाढत्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचं हाड अजून पूर्ण जुळलेलं नसतं. तिथे कूर्चेचा थर असतो आणि तो अस्थिबंधापेक्षा कच्चा असतो. म्हणून मुलाच्या कोपराच्या आत दुखणं म्हणजे ‘स्नायू आखडला’ असं समजून मलम चोळत बसू नका. फेकणं थांबवा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

अमेरिकेत तरुण पिचरांच्या अभ्यासात असं दिसलं की वर्षातले आठ महिन्यांपेक्षा जास्त काळ फेकणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता पाचपट होती. हात थकलेला असतानाही नेहमी फेकणाऱ्यांमध्ये ती छत्तीसपट होती. स्नायूंच्या वाट्याबद्दल वर सांगितलं, त्याचाच हा हिशेब आहे. २०१४ साली तिथे वयानुसार मर्यादा सुचवल्या गेल्या. ९ ते १० वर्षांच्या मुलाने दिवसाला ७५, तर १३ ते १४ वर्षांच्या मुलाने ९५ पेक्षा जास्त चेंडू फेकू नयेत आणि मध्ये विश्रांतीचे दिवस ठेवावेत.

या मर्यादा कोण पाळणार? मूल स्वतःहून ‘दमलो’ म्हणणार नाही, त्याला संघातली जागा गमवायची नसते. प्रशिक्षकाला सामना जिंकायचा असतो. म्हणून मोजणी पालकांनीच करायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. वही घ्या, फेकी मोजा, वर्षातले चार महिने फेकणं पूर्ण बंद ठेवा. त्या काळात मुलाला पोहू द्या, फुटबॉल खेळू द्या, कबड्डी खेळू द्या.

डॉ. जोब यांनी केलं ते वैद्यकशास्त्राचं मोठं काम होतं, याबद्दल वाद नाही. पण ते काम तुटलेलं जोडण्यासाठी होतं. ‘तुटलं तर जोडता येईल’ या भरवशावर बारा वर्षांच्या मुलाचा हात वापरायला काढणं, हा त्या कामाचा उपयोग नव्हे. मुलाने आज कोपर धरलं, तर उद्याचा सामना चुकवा. पुढे सामने भरपूर असतात.